पेन्सिलीची फुली

"विचारलंत का त्याला?"

बाईंचं हे वाक्य कानावर आलं की माझ्या मस्तकात तिडीक जायची. बरं, वाक्य म्हणताना समोरच्याकडे बघतील तर शपथ. डोळे कागदावर आणि हातात खोडरबर. शाळेतली पोरं वापरतात तसला, अर्धा लाल, अर्धा निळा.

त्या खोडरबराचं कारण मीच होतो. दिल्लीजवळ फरीदाबादच्या एका कारखान्यात मी पर्सोनेल बघायचो. पुढे त्याला एच. आर. म्हणायला लागले, काम तेच. कामगाराची सही लागणारा कागद निघाला की सहीच्या जागी मी पेन्सिलीनं बारीकशी फुली करून ठेवायचो. कामगार यायचा, फुली शोधायचा, सही ठोकायचा, पुढचा यायचा. तासाभरात अख्खी शिफ्ट उरकायची. तुमच्यासाठीही बँकेत नाहीतर विम्याच्या ऑफिसात कुणीतरी अशी फुली केली असेल. "इथे, इथे आणि इथे" म्हणत बोट ठेवलं असेल. वर काय लिहिलंय ते वाचलं होतंत का? नाही ना? मीही कधी वाचलं नाही.

बाई माझी फाइल आपल्या टेबलावर न्यायच्या आणि एकेक फुली खोडायच्या. मग खोडरबराचा भुगा फुंकून टाकायच्या, आणि पंख्याच्या कृपेनं तो माझ्या टेबलावर यायचा.

"अहो, का खोडताय?" मी विचारायचो.

"फुली दिसली की माणूस वाचत नाही."

"मॅडम, वाचायला बसले तर लाइन बंद पडेल!"

"पडू दे की थोडी," असं म्हणून पुढचा कागद घ्यायच्या.

मला त्या आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकतो, उगाच पुढे कुणाची फसगत नको. माणूस गेला किंवा लांब गेला की आपण त्याच्याबद्दल गोड लिहायला लागतो. मी गोड लिहिणार नाही, कारण बाई गोड नव्हत्याच. आणि त्यांचं नाव इथे येणार नाही. आडनाव नाही, मूळ गाव नाही. विचारलेलं नाही, म्हणून नाही. एवढं तरी मला आता कळतं.

कारखाना पूर्वी एका लालाजींचा होता. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनायचे. बाई तेव्हापासून तिथे लॉ ऑफिसर. लेबर कोर्टातल्या तारखा, फॅक्टरी इन्स्पेक्टरची पत्रं, असली कामं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नेसायच्या सुती साड्या, रंग विटलेले पण इस्त्री कडक. डब्यात रोज भाकरी, आणि ती खाताना कुणाशी बोलणं नाही. पुढे लालाजींनी कारखाना युरोपातल्या एका कंपनीला विकला आणि बाईंच्या टेबलावर नवी पाटी आली, कम्प्लायन्स, म्हणजे कायदे पाळायचं खातं. पाटी बदलली, खोडरबर तोच राहिला.

त्यांची आणखी एक खोड होती. कुणाला नावानं हाक मारायची नाही. "अहो परचेस, इकडे या." "स्टोअर्सना सांगा मी बोलावलंय." मी "एच. आर." एकदा मी वैतागून म्हटलं, "मॅडम, आपण दोघं मराठी, इतकी वर्षं शेजारी बसतो, आडनावानं तरी हाक मारा यार."

"बाहेर माल पुरवणाऱ्या पार्टीचे लोक बसलेत," त्या म्हणाल्या. "तुमचं आडनाव त्यांना कशाला?"

आता सांगा, ह्याला काय म्हणायचं? माझं आडनाव काय सरकारी गुपित होतं?

नोटीस बोर्डाचा किस्सा तर अख्ख्या कारखान्याला माहीत होता. मी हौसेनं महिन्याच्या वाढदिवसांची यादी लावायला सुरुवात केली होती. नाव, खातं, जन्मतारीख. केक कापायचा, टाळ्या वाजवायच्या, बिल्कुल निरुपद्रवी मामला. तिसऱ्या महिन्यात यादी गायब. बाईंच्या टेबलावर घडी घालून ठेवलेली सापडली.

"वाढदिवस काय विचारून करतात का?" मी कडाडलो.

"वाढदिवस नाही. पण वय छापायच्या आधी विचारतात."

नंतर कळलं की आमच्या टेलिफोन ऑपरेटर बाईंनी वय दोन वर्षं कमी सांगून लग्न केलं होतं आणि त्यांचे मिस्टर आमच्याच डिस्पॅचला होते. पण हे कळलं म्हणून माझा राग गेला असं नाही. उलट वाढला. ही बाई कधी चुकत कशी नाही, ह्याचा मला जास्त राग यायचा.

आणि मग गणपतीचं मंडळ. दिल्लीतल्या मराठी माणसाला मंडळ म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. वर्षभर "अच्छा जी, ठीक है जी" करून जीभ वळलेली असते, त्या दहा दिवसांत ती सरळ होते. मी आर. के. पुरमच्या आमच्या मंडळाचा सेक्रेटरी होतो. सभासदांची यादी, पत्ते, फोन, मुलांची नावं, वयं, सगळं माझ्या वहीत. एका वर्षी वधू-वर सूचक मंडळाच्या ओळखीच्या बाईंनी यादी मागितली, मी झेरॉक्स देऊन टाकली. चांगलं काम आहे, कुणाच्या मुलीचं जमलं तर पुण्यच. वार्षिक सभेत, आरतीनंतर, प्रसादाचे द्रोण हातात असताना आमच्या बाई मागच्या रांगेतून उठल्या. त्या आणि त्यांचे भाऊ जवळच्याच सेक्टरात राहायचे, भाऊ केंद्र सरकारात.

"सेक्रेटरींना एक प्रश्न," त्या म्हणाल्या. "यादी दिलीत, त्याआधी विचारलंत का आम्हाला?"

अख्खी सभा माझ्याकडे बघायला लागली. ज्यांना फोन येऊन गेले होते ते सगळे एकदम बोलायला लागले. पुढच्या वर्षी सेक्रेटरी दुसरा झाला. त्या दिवसापासून माझ्या मनात बाईंबद्दल जे बसलं ते बसलंच.

आता मुख्य गोष्ट. हेड ऑफिसनं ठरवलं की जगभरातल्या सगळ्या कारखान्यांच्या कर्मचाऱ्यांची एकच यादी करायची, आणि ती त्यांच्या देशातल्या कॉम्प्युटरवर ठेवायची. आमच्या कारखान्याची यादी पाठवायचं काम माझ्याकडे. नाव, पगार, शिक्षण, घरचा पत्ता, आणि शेवटचा रकाना होता आरोग्याचा. कारखान्याच्या दवाखान्यात ज्याची ज्याची जी नोंद असेल ती. यादी वेळेत गेली तर मला दोन वर्षांसाठी हेड ऑफिसला पाठवतील असं तिथल्या डायरेक्टरनं फोनवर सांगितलं होतं. बायकोनं गरम कोट बघायलाही सुरुवात केली होती.

ती यादी अडवून बसल्या बाई. आणि त्यांच्यासाठी काय पणाला लागलं होतं, ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. दवाखान्याच्या नोंदींत एक ओळ त्यांची स्वतःची होती. दर महिन्याला त्या तिथल्या डॉक्टरांकडून गुपचूप औषध न्यायच्या. कुणाला माहीत नव्हतं. ती ओळ कुणाच्या नजरेला पडली तर बाईंची नोकरी, त्यांचा शब्द, सगळं डळमळणार होतं. आजार कोणता, ते मी लिहिणार नाही.

पण त्यांनी स्वतःबद्दल एक अक्षर काढलं नाही. कायदा मात्र समोर ठेवला. तेव्हा आजच्यासारखा स्वतंत्र कायदा नव्हता, पण नियम होते. माणसाच्या आजारपणाची माहिती घ्यायची तर त्याची लेखी संमती हवी. ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची. देशाबाहेर पाठवायची तर तिथेही तितकीच जपली जाईल याची खात्री हवी.

"दवाखान्यात माणूस खोकल्याचं औषध घ्यायला गेला," बाई म्हणाल्या. "युरोपात नाव नोंदवायला नव्हता गेला."

"मॅडम, कंपनी त्यांचीच आहे!"

"कंपनी त्यांची. खोकला त्याचा." आणि ड्रॉवरमधून एक जाडजूड बाड काढून माझ्यासमोर आपटलं. "हे बघा. मागच्या वर्षी त्यांचे दोन इंजिनियर आपल्याकडे आले होते. त्या दोघांची माहिती इकडे पाठवण्याआधी त्यांच्या वकिलानं आपल्याकडून बत्तीस पानी करार करून घेतला. दोन माणसांसाठी बत्तीस पानं. आणि आपल्या अख्ख्या कारखान्यासाठी एक ई-मेल? विचारा की त्यांना."

मी विचारलं नाही. माझा कोट अडकला होता.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर मी निव्वळ दुष्ट वाटेन. मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत वाढलो. तिथे आजार ही घरातली गोष्ट नव्हती, जिन्यातली होती. बाबा सरकारी दवाखान्यातून औषधाची पिशवी घेऊन यायचे तेव्हा तळमजल्यावरच्या पंजाबी आंटी दारातच विचारायच्या, "भाईसाहब, शुगर फिर बढ़ गई क्या?" बाबा तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत वरच्या बंगाली काकूंकडून कारल्याचा रस आलेला असायचा. आई हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत सांगायची, "आमच्या ह्यांना मूळव्याधीनं जेरीस आणलंय हो." कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. कुणाची गाठ, कुणाच्या फिट्स, कुणाच्या सुनेचं पोट पडलं, सगळं सगळ्यांना माहीत. वर "काळजीपोटी सांगते हो" एवढं जोडलं की झालं. आणि खरोखर वेळेला तीच माणसं धावून यायची, हेही खोटं नाही.

हे मी बाईंना ऐकवलं. म्हटलं, "तुम्ही पण त्याच कॉलनीतल्या. आपल्याकडे कुठे एवढं लपवतात?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "आमच्या जिन्यातलं एक दुखणं असंच काळजीपोटी मुलाकडच्यांपर्यंत पोचलं होतं. साखरपुडा मोडला." कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. मी तोंडावर आलेला प्रश्न गिळला. बाई जन्मभर बिनलग्नाच्या राहिल्या, एवढं मला माहीत होतं.

शेवटी हेड ऑफिसशी व्हिडिओवर मीटिंग झाली. तिकडे डायरेक्टर, इकडे मी आणि बाई. मी तयारी करून गेलो होतो. बाईंनी शांतपणे तीन प्रश्न विचारले. ही माहिती तिथे कोण बघणार? कशासाठी? माणूस नोकरी सोडून गेला की ती पुसणार का? डायरेक्टर तिन्ही वेळा "वकिलांना विचारावं लागेल" म्हणाला. माझं पानिपत झालं, आणि तेही खुद्द पानिपत अर्ध्या दिवसात जाऊन यावं इतकं जवळ असताना. ठरलं असं की प्रत्येकाला विचारून, त्याच्या सहीनिशीच यादी जाईल.

मी म्हटलं, चलो, हरकत नाही. फॉर्म छापतो, फुल्या मारतो, दोन दिवसांत उरकतो. पण फॉर्म बाईंनी लिहिला. हिंदीत, सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरात. प्रत्येक रकान्यापुढे दोन चौकोन, हाँ आणि नहीं. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये टेबल मांडून त्या स्वतः बसल्या. एकेकाला समोर बसवून वाचून दाखवायच्या.

एकदा मी वैतागून बघायला गेलो. समोर ओडिशाचा एक जुना टर्नर बसला होता. आयुष्य लेथवर गेलेलं.

"मैडम, ये दमा भी उधर जाएगा?" त्यानं विचारलं.

"आप बोलेंगे तो जाएगा. नहीं बोलेंगे तो नहीं जाएगा."

"ना बोलने से नौकरी में कुछ...?"

"कुछ नहीं होगा. लिखकर दे रही हूँ. ये देखिए, मेरी सही."

त्यानं बाईंची सही बोटानं चाचपून बघितली. मग आरोग्याच्या रकान्यापुढे 'नहीं'वर अशी काही खूण केली की कागद फाटला. "उधर वाले देखेंगे तो मशीन से हटा देंगे," तो माझ्याकडे बघत म्हणाला. माझ्याकडे का बघितलं कोण जाणे. बाईंनी नवा फॉर्म घेतला आणि त्याला परत पहिल्यापासून वाचून दाखवला.

हा प्रकार पाच आठवडे चालला. मुदत टळली. डायरेक्टरचा फोन आला, यादी का येत नाही? मी मनात म्हटलं, आता बस. ह्या बाईनं मंडळात माझी शोभा केली, मीटिंगमध्ये केली, आता माझी परदेशवारी घालवणार.

यादीच्या कामासाठी दवाखान्याची फाइल माझ्या कॉम्प्युटरवर आलेली होती. वाचायची नव्हती, नुसती जोडून ठेवायची होती. मी वाचली. कामगारांच्या खाली स्टाफ होता, स्टाफमध्ये बाई. दोनदा वाचली ती ओळ.

मग डायरेक्टरला ई-मेल लिहिली. अजून पाठ आहे मला. आमच्या जिन्यात बोलतात तश्शीच. बाई फार मेहनती आहेत, पण हल्ली त्यांना बरं नसतं, बिचाऱ्यांवर ताण फार आहे, काळजीपोटी कळवतो. तासाभरात उत्तर आलं. काय होतं त्यांना, नेमकी माहिती द्या, म्हणजे कंपनीला योग्य ते करता येईल. मी फाइलमधली ती एक ओळ उचलली आणि पाठवून दिली.

तेव्हा मला काय वाटलं? खरं सांगू? बरं वाटलं. छाती हलकी झाली. जेवणही रोजच्यापेक्षा जास्त गेलं.

आमच्या जिन्यात अशा वाक्यानं कारल्याचा रस आला असता. हेड ऑफिसकडून पत्र आलं. एच. आर.नं कळवलेल्या दुखण्यावरून, बाहेरच्या डॉक्टरांनी तपासून कामाला योग्य म्हणेपर्यंत बाईंनी पगारी रजेवर जावं, सगळ्या फाइली एच. आर.कडे द्याव्यात. पत्र बाईंना द्यायचं आणि मिळाल्याची सही घ्यायची, हे काम माझ्याचकडे आलं.

मी पत्राचा प्रिंट काढला, आणि हाताच्या सवयीनं सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली केली. देवाशपथ, मुद्दाम नाही केली. हातच तसा वळलेला.

बाईंनी पत्र घेतलं. ड्रॉवर उघडला, खोडरबर काढला, आधी फुली खोडली. मग चष्मा लावून पत्र वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं. मी समोर उभा. पंखा नुसता गरगरत होता.

"विचारलंत का मला?" त्या म्हणाल्या.

पहिल्यांदाच त्या वाक्याच्या शेवटी 'मला' आलं होतं.

"मॅडम, मी काळजीपोटी..."

"काळजी असती तर माझ्याकडे आला असतात. शेजारच्या टेबलावर बसते मी."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडलो असतो, मला भांडायचंच होतं. सहीच्या जागी त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

त्या डॉक्टरकडे गेल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. पण जायच्या आधी उरलेल्या बावीस जणांना कँटीनमध्ये बसवून विचारलं, फॉर्म खात्याप्रमाणे लावून पेटीत भरले आणि पेटी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. निरोपसमारंभ नाही, हारतुरे नाहीत. ऑपरेटर बाई गेटपर्यंत सोडायला गेल्या आणि येताना डोळे पुसत आल्या. मी परदेशी जाईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

पेटीतले फॉर्म मी मोजत बसलो नाही, पण आरोग्याच्या रकान्यापुढे 'नहीं'च्या खुणा इतक्या होत्या की हेड ऑफिसच्या वकिलानं तो रकानाच काढून टाकायला सांगितला. नाव, पगार, शिक्षण तेवढं गेलं, तेही ज्यानं हो म्हटलं त्याचंच. म्हणजे आमच्या अख्ख्या कारखान्यातून आजारपणाची एकच ओळ समुद्रापलीकडे गेली होती. त्या टर्नरचा दमा सुद्धा इथेच राहिला.

मला हेड ऑफिसला पाठवलं. कोट घेतला. तिथे पहिल्याच आठवड्यात एका सहकाऱ्याचा घरचा फोन नंबर हवा होता म्हणून मी तिथल्या एका क्लार्क बाईंना विचारलं. साधी, हसरी बाई. म्हणाली, "मी त्यांना विचारते आणि मग तुम्हाला सांगते." एवढंच. तिनं ते इतक्या सहज म्हटलं की मी तिच्याकडे बघतच राहिलो. आपण काय करून बसलो, ते त्या परक्या ऑफिसात, परक्या बाईच्या तोंडून माझ्या डोक्यात शिरलं. मला लाज वाटली. अशी लाज की बायकोलाही सांगता येईना.

ती ओळ पुसून टाका म्हणून मी तिथल्या माणसाला भेटलो. तो म्हणाला, अशी काही ओळ आहे की नाही, हेही मी तुम्हाला सांगू शकत नाही. ज्याची माहिती, त्यानंच अर्ज करायचा. त्यानं मला एक फॉर्म दिला.

दोन वर्षांनी परत आलो तो फॉर्म घेऊन. बाईंचे भाऊ रिटायर झाले होते आणि दोघं आर. के. पुरमचा क्वार्टर सोडून फरीदाबादलाच एका फ्लॅटमध्ये राहत होते. पत्ता मी कंपनीतल्या त्यांच्या पी. एफ.च्या नव्या कागदांतून काढला. हो, तोही न विचारता. रविवारी सकाळी गेलो. दुसरा मजला, बाहेर जाळीचं दार, आत लाकडी. बेल वाजवली.

"कोण?"

"मी... एच. आर.," माझ्या तोंडून निघालं.

आतलं दार उघडलं. जाळीमागे बाई. केस सगळे पांढरे झालेले. साडीची इस्त्री कडक.

फॉर्म जाळीच्या फटीतून आत सरकवला. "ती ओळ पुसून घेता येईल. तुमची फक्त सही लागेल." त्यांनी चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागल्या. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मी पायपुसण्यावरची अक्षरं वाचत राहिलो.

"हे कुणी भरलं?"

"मीच. म्हटलं तुम्हाला त्रास नको."

"आजाराचं नावसुद्धा तुम्हीच भरलंत."

त्यांनी बोट खाली सहीच्या जागेवर नेलं.

"आणि फुलीही केलीत."

मी बघितलं. खरंच. सहीच्या जागी होती, बारीकशी, पेन्सिलीची. कधी केली मला आठवत नव्हतं.

"हा अर्ज मी तेव्हाच केला होता," बाई म्हणाल्या. "कंपनी सोडायच्या आधी. त्यांनी पुसलं. तसं पत्रही आलं मला."

"मला कुणी कळवलं नाही."

"तुम्हाला का कळवतील?"

त्यांनी कागद त्याच फटीतून परत दिला. आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. भावाच्या खोकल्याचा आवाज आला.

"चुकलं माझं, मॅडम," मी म्हणालो. "फार चुकलं. तेवढं सांगायला आलो होतो."

"हो," त्या म्हणाल्या. "चुकलं."

मग मी विचारलं, "आत येऊ का?"

बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कागदाकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

"विचारलंत, हे बरं केलंत," त्या म्हणाल्या. "नाही."

आणि आतलं दार हळूच लावून घेतलं. आपटलं नाही. कडीचा आवाज आला.

मी पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबलो. तो कागद आता कुणाच्याच कामाचा नव्हता, तरी अंगठ्यानं ती फुली खोडायला लागलो. माझ्याकडे खोडरबर नव्हता, कधीच नसायचा. घासून घासून फुली गेली नाही, नुसती पसरली, आणि बाईंच्या नावापर्यंत काळा डाग झाला. तशीच घडी घालून कागद खिशात ठेवला आणि खाली उतरलो.